दर अर्ध्या तासाला एक मिनिट

एकोणीस वर्षं झाली, मी लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर आहे. नाव संगमेश, पण लाईनीवर मला भोंगा मास्तर म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी छाती कुणाची नाही. खोटं कशाला सांगू, मला त्या नावाचा अभिमानच होता. पंचेचाळीस सीटच्या गाडीत ऐंशी माणसं भरली की कुणीतरी ओरडायलाच पाहिजे. प्रेमानं ‘जरा आत सरका हो’ म्हणून बघा एकदा. कुणी इंचभर हललं तर मला येऊन सांगा.

आणि भांडणाला कारणं काय कमी? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची ही आमच्याकडची जुनी रीत. गाडी स्टँडला लागते न लागते तोच बाहेरून रुमाल, टोपी, पिशवी. एकदा तर एकानं पाय बांधलेली कोंबडी टाकली होती. मग रुमालवाला म्हणतो जागा माझी, दारातून आधी चढलेला म्हणतो माझी, आणि दोघंही माझ्याकडं बघतात. मी म्हणजे जणू तहसीलदार. अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड मागितलं की म्हातारे म्हणतात, “माझे केस बघ की, कार्ड काय बघतूस?” हे दिवसातून पन्नास वेळा. मग माझा पारा चढायचा. चढणारच! मी काय दगड आहे का?

मार्चमध्ये चाकूरच्या स्टँडवर माझ्या हातातून तिकिटाचं मशीन खाली पडलं. उचलायला वाकलो तर उजवा हात उचलेना. हात होता तिथंच, पण माझा नव्हता. आनंदराजला, म्हणजे आमच्या ड्रायव्हरला, हाक मारायला गेलो तर जीभ तोंडात कणकेच्या गोळ्यासारखी झालेली. दहा मिनिटांनी सगळं आपोआप पूर्ववत झालं. मी म्हणालो, “चल, दोन बेल देतो.” आनंदराज शांत माणूस, कधी आवाज चढवत नाही. त्यानं गाडीची किल्ली काढून खिशात घातली आणि माझ्या बायकोला फोन लावला.

बायको, तारामती, मला डॉक्टर बुद्धप्रिया मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेली. डोक्याचा फोटो निघाला, रक्त तपासलं. बीपी एकशे नव्वदवर एकशे दहा. मॅडमनी विचारलं, “दोन वर्षांपूर्वी गोळी दिली होती, ती घेता का?” मी म्हणालो, “घेतो की. ज्या दिवशी भांडण जास्त झालं त्या दिवशी घेतो.” मॅडमनी कपाळाला हात लावला.

“संगमेशराव, हा इशारा होता,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. वाचाही येईल असं नाही.”

तीन आठवडे सुट्टी झाली, गोळ्या रोजच्या रोज सुरू झाल्या, तरी दवाखान्यात मोजलं की आकडा वरच. तारामतीनं एकच धोशा लावला. “लाईन सोडा. डेपोत टेबलाचं काम मागून घ्या. ती गाडीच तुमचा जीव घेणार हाय.” मला टेबल म्हणजे मरणच. दिवसभर एका जागी बसून रजिस्टरं ओढायची? माझा जीव तर त्या गाडीत. पण हाताची भीतीही खरी होती. जेवताना घास उचलला की मी आधी बोटांकडं बघायचो.

मग मॅडमनीच तोड काढली. दंडाला पट्टा आणि कमरेला डबीएवढं मशीन बांधायचं आणि चोवीस तास ठेवायचं. दर अर्ध्या तासाला ते बीप वाजवणार, पट्टा फुगणार, आकडा आत साठणार. ड्युटी करायची, घरी जायचं, झोपायचं, सगळं नेहमीसारखं. सोबत एक कागद. त्या वेळी आपण काय करत होतो ते लिहायचं. “फक्त पट्टा फुगला की एक मिनिट हात खाली सैल सोडायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर आकडा येत नाही, मशीन दोन मिनिटांनी परत फुगतं.”

मी दोघींसमोर शब्द दिला. “लाईनीनं बीपी चढतो असं कागदावर निघालं, तर त्याच दिवशी टेबलाचा अर्ज देतो.”

सकाळी साडेसातला पट्टा बांधला. साडेआठची गाडी. लातूरच्या स्टँडवर लोक दाराला मुंग्यांसारखे लागलेले, मी पायरीवर उभा राहून ओरडतोय, “उतरणाऱ्याला उतरू द्या की! काय येड्यावाणी करून ऱ्हायले?” आणि बीप. पट्टा फुगायला लागला. एक मिनिट गप्प? मी? तेवढ्यात एकानं गॅसची शेगडी आत ढकलली आणि मी बोललोच. मशीन चुकलं. दोन मिनिटांनी परत फुगलं, परत बोललो. तिसऱ्यांदा तर त्यानं असा दंड आवळला की मला वाटलं, हे मशीन नसून माझी सासू आहे. आष्टामोडला कसाबसा एक आकडा आला. तेव्हा मी एका माणसाशी नजरेनं भांडत होतो.

चाकूरला नागुबाई चढली. सत्तरीची म्हातारी, लेकीकडं लोह्याला चाललेली. माझ्या शेजारच्या सीटवर बसली आणि दंडाकडं बोट करून म्हणाली, “ये मास्तर, काय गुंडाळलंस? तावीज हाय का?”

“तावीज न्हाई म्हातारे, बीपीचं मशीन हाय. हे फुगलं की मला उगी बसावं लागतंय. आन् तुमी लोक बसू देत न्हाईत!”

“उगी न्हाई बसलास तर?”

एरवी मी म्हणालो असतो, तुला काय करायचंय. का कुणास ठाऊक, खरं बोललो. “तर आकडा येत न्हाई. हा हात मागं एकदा गेलता. पुन्यांदा जाणार हाय का ऱ्हाणार हाय, ते त्या आकड्यावरून कळणार हाय.”

तिनं माझा उजवा हात उचलून उलटापालटा करून बघितला, बाजारात वांगं बघावं तसा. मग विचारलं, “आता कवा फुगतंय?”

“दहाला.”

म्हातारी दांडी धरून उभी राहिली. एवढुसा जीव, पण आवाज माझ्या तोडीचा. “ऐका रे सगळे! दहाला मास्तरचं मशीन फुगणार हाय. कुणी कालवा करायचा न्हाई. फोन बंद. ए दाढीवाल्या, तुझा बी. मास्तरच्या हाताचा सवाल हाय!”

मला मनातल्या मनात हसू आलं. माझ्या गाडीत शांतता? इथं मयताला चाललेले लोकसुद्धा खिडकीवरून भांडतात.

दहा वाजले. शिरूर ताजबंदच्या अलीकडं असू. बीप वाजला. नागुबाईनं हात वर केला. आणि, काय सांगू तुम्हाला, गाडी गप्प झाली. पुढून मागपर्यंत, एकेक सीट करत, ज्वारीच्या रानावरून वारा जावा तशी शांतता मागं गेली. मोबाईलवरचं गाणं बंद झालं. रडणाऱ्या लेकराला आईनं पदराआड घेतलं. मागं उभ्या माणसानं खोकला आला म्हणून तोंडात रुमाल कोंबला, त्याचे डोळे लाल झाले पण तो खोकला नाही. ऐंशी माणसं. एकाशीही माझं नातं नाही. त्यातल्या निम्म्यांना मी तासाभरात शिव्या सोडून सगळं ऐकवलेलं. ती सगळी श्वास धरून माझ्या दंडाकडं बघत होती.

मला इंजिनाचा आवाज ऐकू आला. तिसऱ्या खिडकीची काच सैल आहे, ती बारीक वाजत होती. एकोणीस वर्षांत मला माझी गाडी ऐकू आली नव्हती. अंगावर सरसरून काटा आला. बोलायचं नव्हतं म्हणून बरं, बोलता आलंच नसतं.

पट्टा उतरला. नागुबाईनं विचारलं, “झालं?” मी मान हलवली. सगळी गाडी एकदम बोलायला लागली, जणू शाळा सुटली. आरशातून आनंदराज माझ्याकडं बघून हसत होता.

साडेदहाला अहमदपूरच्या स्टँडवर नेहमीचा प्रकार. धोतरवाल्या एका माणसानं खिडकीतून रुमाल टाकलेला, आणि पँटवाला दारातून येऊन त्यावर बसलेला. बघता बघता दोघांनी एकमेकांच्या गच्च्या धरल्या. मी बाह्या सरसावून निघालो, तोच बीप. मागून नागुबाई कडाडली, “उगी ऱ्हा रे! फुगलंय!” आणि ते दोघं, देवाशपथ सांगतो, हात न सोडता थांबले. एकमेकांची कॉलर धरून, नाकाला नाक लावून, पुतळ्यासारखे. स्टँडवर भोंगे वाजत होते, आमच्या गाडीत चिडीचूप. एक मिनिट म्हणजे किती मोठं असतं ते तिथं कळलं. पाऊण मिनिटात पँटवाल्याला हसू फुटलं, ते त्यानं दाबलं. धोतरवाल्याची पकड सैल झाली. पट्टा उतरला तेव्हा दोघांनाही आपण कशाला भांडत होतो त्याची लाज वाटली असावी. धोतरवाला म्हणाला, “बसा तुमी. मला माळाकोळीलाच उतरायचंय.” पँटवाला म्हणाला, “न्हाई काका, तुमी बसा.” आता ते त्याच्यावरून भांडतात की काय असं वाटलं, पण एकाच सीटवर दोघं बसले.

लोह्याला नागुबाई उतरली. मला वाटलं, संपलं आता. तर उतरता उतरता तिनं मागच्या सीटवरच्या एका बाईच्या खांद्यावर हात ठेवला. “आता तू बघ गं बाई. साडेअकराला.” ती बाई तिला ओळखत नव्हती, मला ओळखत नव्हती. साडेअकराला तिनं बरोब्बर हात वर केला. सोनखेडच्या पुढं पुन्हा ती शांतता. नांदेडला उतरताना लोक माझ्याजवळ थांबून विचारत होते, “मास्तर, काय आला हो आकडा?” आकडा मला दिसतच नव्हता. पण मी प्रत्येकाला म्हणालो, “चांगला आला.”

परतीला नवी माणसं, नागुबाई नाही. मग मीच पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, “एक विनंती हाय.” विनंती! हा शब्द माझ्या तोंडून ऐकून आनंदराजनं मान मागं वळवली. त्याही लोकांनी ऐकलं. सगळ्यांनी. लातूरपर्यंत सात वेळा. आणि एका बीपपासून दुसऱ्या बीपपर्यंतच्या अर्ध्या तासातही मला ओरडावंसं वाटत नव्हतं, हे आष्टामोडला आल्यावर माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी घरी आलो. घरात मशीनला अडचणच नव्हती, आमच्या घरात कालवा नसतोच. पोरगी, ऋतुजा, बारावीला आहे, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावलाय. मी आलो की टीव्ही बंद होतो, ती पुस्तक घेऊन बसते, तारामती ताट वाढते. साडेआठला बीप वाजला तेव्हा मी कागदावर लिहिलं, ‘जेवण. विशेष काही नाही.’ रात्री झोपताना मला वाटलं, आपण जिंकलो. टेबल गेलं खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारामतीला घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला लावलं आणि माझा अख्खा दिवस रेघेनं कागदावर उतरून आला. मी बघतच राहिलो. माझं रक्त दिवसभर आत काय करत होतं ते मला एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा दिसत होतं. आष्टामोडला एकशे ब्याऐंशी. शिरूर ताजबंदला एकशे अठ्ठावन्न. अहमदपूरला, त्या गच्च्या धरलेल्या असताना, एकशे बावन्न! सोनखेडला एकशे अडतीस. परतीला तर एकदा एकशे बत्तीस.

“गोळ्या त्याच आहेत,” मॅडम म्हणाल्या. “संगमेशराव, गाडीत केलंत काय तुम्ही?”

मी सगळं सांगितलं. नागुबाई, धोतरवाला, सगळं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मी तारामतीकडं वळलो. “बघ. लाईनीनं चढत न्हाई. उतरतोय!”

तारामती कागदाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत होती. तिथं रेघ ताडासारखी वर गेली होती. मॅडमनी त्याच ठिकाणी बोट ठेवलं. “साडेआठ. एकशे शहाऐंशी. दिवसातला सगळ्यात मोठा. आणि तुम्ही लिहिलंय, विशेष काही नाही. काय झालं होतं?”

“काही न्हाई, मॅडम. जेवत होतो.”

मॅडमनी तारामतीकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “खरंच काही न्हाई झालं,” ती म्हणाली. “पोरीनं क्लासच्या परीक्षेचे मार्क सांगितले. थोडे कमी पडले. मग हे बोलले. रोजचंच हाय ते.”

“पट्टा फुगला तेव्हा मी गप्प होतो,” मी म्हणालो.

“तोंड गप्प होतं,” ती म्हणाली.

मग तीच हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ह्यांना लाईनीवरच राहू द्या. टेबलाचं मी उगीच म्हणत होते. तिथं बरे असतात हे.”

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. चोवीस तास त्यासाठीच दंड आवळून घेतला होता. आणि माझ्या छातीत असं काही बसलं, की मार्चमध्ये हात गेला तेव्हाही तसं झालं नव्हतं. गाडीत माणसं माझ्यासाठी गप्प झाली ते बघून मी थक्क झालो होतो. घरात दोन माणसं सतरा वर्षं गप्प होती. त्यांच्या दंडाला कुणी पट्टा बांधला नव्हता.

“मॅडम,” मी म्हणालो, “हिचा बघा.”

“मला काय धाड भरली?” तारामती म्हणाली. पण मॅडमनी टेबलावरचं मशीन पुढं ओढलंच. पट्टा बांधला, पट्टा फुगला. आकडा समोरच दिसत होता, मला वाचता येत होता. एकशे चौसष्टवर शंभर.

“याआधी कधी मोजलं होतं?”

“ऋतुजाच्या वेळंला.”

“डोकं दुखतं?”

“ते काय, संध्याकाळी दुखतं कवा कवा. हे यायच्या टायमाला.”

“सांगितलं का न्हाईस मला?” मी ओरडलो. घाबरून ओरडलो, खरं सांगतो, रागानं नाही. पण आवाज तोच, भोंग्याचा. आणि मला दिसलं: माझं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आधीच तिचे खांदे आत आले होते. गाडीत पायरीवर उभा राहून मी तोंड उघडलं की लोक आत सरकतात, तसे. ती सरकून सरकून कुठं जाणार? मागं भिंत होती.

मॅडम म्हणाल्या, “एकदा मोजून चालत नाही. पाच मिनिटं शांत बसा, परत बघू.”

मी उठलो. “मॅडम, मी बाहेर बसतो. मग मोजा.”

कुणी मला थांबवलं नाही. बाहेर बाकावर बसलो, शेजारी एक म्हातारा खोकत होता, भिंतीवर लसीचं पोस्टर होतं. दाराआड मशीन फुगल्याचा आवाज आला, थांबला, थोड्या वेळानं परत आला. मी उजवा हात मांडीवर ठेवून बसलो होतो. देवाला म्हणालो, आकडा तेवढाच येऊ दे. मग म्हणालो, नको, कमी येऊ दे. कमी आला तर त्याचा अर्थ काय, ते मला चांगलं माहीत होतं, तरी म्हणालो, कमीच येऊ दे.

तारामती दार उघडून बाहेर आली. मी हळू आवाजात विचारलं, “किती?”

“एकशे चाळीस. लई कमी आला,” ती म्हणाली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच पुढं म्हणाली, “आतमधी पंखा लावला हुता ना, म्हणून.”